चेअरमनच्या बॉनेटवरचं मांजर

दौलतराव भोईटे सोसायटीचे चेअरमन, म्हणजे गावात ते म्हणतील तेवढंच खरं. आपला तीस वर्षांचा ट्रॅक्टर त्यांनी बायकांच्या बचत गटाच्या गळ्यात मारायचं ठरवलं. गटाने पारखायला पाठवलं पंपाची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या शेवंताबाईला. बाई बघूनच चेअरमन हसले.

पौषातली सकाळ होती. बॉनेटवर झोपलेल्या मांजराला हुसकून दौलतराव ट्रॅक्टरवर चढले. "आठ दिवस किल्ली लावलेली नाही. गार इंजिनानं चालू होताना निळा धूर सोडला, तर ते ऑईल जाळतंय. एवढं तरी ठाऊक आहे ना तुला?"

इंजिन एका झटक्यात चालू झालं. धुराची रेघसुद्धा निघाली नाही. भोवतीच्या हुजऱ्यांनी माना डोलवल्या.

"बंद करा," शेवंताबाई म्हणाली. "दुपारी परत लावू." आणि ती ओट्यावर बसली ती उठलीच नाही.

दुपारी किल्ली फिरली आणि अंगण निळ्या धुरानं भरलं. माना डोलवणारे खोकत बसले.

दौलतराव हुजऱ्यांवर कडाडले, "पहाटेच इंजिन तापवून ठेवलं होतं, हे हिला कुणी सांगितलं? कोण फुटलं?"

"त्यांची काय बिशाद," शेवंताबाई पदर झटकत उठली. "थंडीत मांजर गार लोखंडावर झोपत नाही, चेअरमन. माणसांना तुम्ही माना डोलवायला शिकवलंत, मांजराला शिकवायचं राहून गेलं."