झाकल्या पानांच्या वशाची कहाणी

ऐका बायांनो, हातात अक्षता घ्या आणि ऐका. एक नगर होतं, आटपाट म्हणावं असं. तिथं एक राजा होता. त्याला दोन वेडं. एक किल्ला बांधायचं, दुसरं पत्ते खेळायचं. घरोघरचे बाप्ये त्यानं धरून नेले, डोंगरावर वेठीला लावले. त्या नगरात आवडा नावाची कुंभारीण होती. तिचा नवरा रायाजी नेला, लेक म्हादू नेला. भट्टी विझली, घर ओस पडलं.

दर दिवाळीच्या पाडव्याला राजा दवंडी पिटी. ज्याला आपला माणूस सोडवायचाय, त्यानं माझ्याशी तीन डाव खेळावे. त्यातला एक जरी जिंकला तर माणूस न्यावा. पण लावून हरला तर बोलेल तितकी वर्षं वाड्यावर राबावं. खेळ साधा होता. तीन तीन पानं वाटायची, ज्याची त्यानं बघायची, मग पण लावायचा, नाहीतर पानं टाकून डाव सोडायचा. समोरच्यानं पण घेतला तर पानं उघडायची. भ्याला तर त्यानं पानं टाकायची, डाव पण लावणाऱ्याचा, आणि झाकलेलं झाकलेलंच राहायचं.

आवडा नदीवर रडत बसली. तिथं एक म्हातारी आली, कपाळभर मळवट भरलेली. बाई बाई, का रडतेस म्हणाली. आवडानं सगळं सांगितलं. म्हातारी म्हणाली, "तुला एक वसा देते. उतायचं नाही, मातायचं नाही." आवडानं विचारलं, तो वसा कसा करावा? "आश्विनातल्या शुक्रवारी मुठीत सात तांदूळ घ्यावे, कोणाला न दाखवता नदीत सोडावे. मग खेळायला बसावं. पडतं, हलकं पान हट्टानं धरू नये. पान बरं येवो, वाईट येवो, तोंड एकच ठेवावं. खोटं बोलावं ते क्वचित, आणि खऱ्यासारखं. आणि न उघडता जिंकलेलं पान कोणाला दाखवू नये." इतकं सांगून म्हातारी निघून गेली.

पाडवा आला. आवडा वसा करून दरबारात बसली. पहिल्या डावाला पान पडतं आलं, तिनं टाकलं. दुसऱ्या डावाला पडतं आलं, तेही टाकलं. तिसऱ्या डावाला दुर्री, पंजी, सत्ती आली. कशाला काही लागेना. आवडानं तोंड हलू दिलं नाही. माझी सात वर्षं लावते म्हणाली. राजाच्या हातात दोन राजे होते. पण त्यानं मनाशी विचार केला, ह्या बाईनं दोनदा मुकाट्यानं पान टाकलं, आत्ताच सात वर्षं लावते, म्हणजे हिच्याकडे भारी पान आहे. त्यानं पानं टाकली.

माणूस कोणता, राजानं विचारलं. रायाजीचा निरोप आधीच आला होता, पोराला सोडव. तिनं म्हादूला मागितलं. पण जिंकल्याचा तिला मद चढला. उठता उठता तिनं पानं उताणी केली. दरबार राजाला हसला. राजा हसला नाही.

म्हादू घरी आला. म्हणाला, "आये, बाबाची पाठ गेली. दगड उचलवत नाही, तरी उचलायला लावतात."

दुसरा पाडवा आला. पहिल्या डावाला पान टाकलं, दुसऱ्या डावाला टाकलं. तिसऱ्यालाही काही आलं नाही. पण रायाजीची पाठ तिच्या डोळ्यांपुढून हलेना. तिनं पुन्हा सात वर्षं लावली. तोंड तेच, आवाज तोच. राजानं पण घेतला. पानं उघडली. आवडा हरली, वाड्यावर दळायला बसली.

जात्यापाशी म्हातारी आली. आवडा तिच्या पायांवर पडली, माझं काय चुकलं म्हणाली. म्हातारी म्हणाली, "झाकलेलं उघडलंस, बाई. आता तुझं खोटं कोणाला खरं वाटणार नाही. तुझं खरंही खरं वाटणार नाही. तेवढीच एक वाट तुला उरली आहे."

आवडानं वसा पुन्हा धरला. वर्षभर दळलं, तोंड वर केलं नाही. तिसरा पाडवा आला. पहिल्या डावाला पान टाकलं, दुसऱ्या डावाला टाकलं. तिसऱ्या डावाला तीन एक्के आले. तिनं तोंड तेच ठेवलं. म्हणाली, "महाराज, मरेपर्यंत राबेन. तुम्ही तीन माणसं लावा." राजाला वाटलं, ही खोटंच बोलते. त्यानं तीन माणसं लावली. पानं उघडली. राजा हरला.

मग आवडा डोंगर चढून गेली. म्हादू नवं धोतर घेऊन संगती होता. मुकादमाला तिनं पहिलं नाव सांगितलं, रायाजी कुंभार. मुकादमानं मान खाली घातली. म्हणाला, "तो श्रावणात गेला, बाई. पायरीच्या दगडाखाली."

मुकादमानं विचारलं, मग तिघं कोण देऊ? ती म्हणाली, "ज्यांच्यासाठी खेळायला येणारं कोणी नाही, असे तीन द्या."

तिघं खाली उतरले. एकाच्या अंगावर लंगोटीच होती. म्हादूनं त्याला धोतर दिलं. वेशीपाशी तिघं आपापल्या वाटेनं गेले. म्हादू घराकडं गेला. आवडा वाड्यावर परतली. तिचं सहा वर्षांचं दळण उरलं होतं.

म्हातारीच्या रूपातली देवी आवडाला पावली, पण उशिरा पावली. बायांनो, तुम्हांआम्हांला ती वेळेवर पावो. बोल साठ होते, पाचांत सांगितले. कहाणी इथं पुरी झाली, ऐकणारीला सुफळ होवो.