दिघेसरांची दुसरी किल्ली

मुख्याध्यापक दिघेसरांचा त्यांच्या केबिनमधल्या लोखंडी कपाटावर भारी जीव. शाळेत दोन सर्व्हर आले, एक बंद पडला तरी मुलांच्या फायली दुसऱ्यावर शाबूत राहाव्यात म्हणून. सरांनी ते दोन्ही त्याच कपाटात, एकाच फळीवर बसवले आणि कुलूप ठोकलं.

संगणकाच्या गवाणकरबाई शिक्षकांच्या बैठकीत म्हणाल्या, "सर, एक मैदानापलीकडच्या प्रयोगशाळेत ठेवू या. या कपाटाजवळ वायर जळाली, तर दहावीच्या मुलांची वर्षभराची मेहनत दोन्हीकडून एकदमच जाईल."

"बाई, घरचे दागिने कोणी शेजाऱ्याकडे ठेवतं का?" सर म्हणाले, आणि सगळे हसले. सरांना आणखी चेव आला. "माझं कपाट म्हणजे किल्ला आहे किल्ला!"

"आणि किल्ली हरवली तर?"

"दुसरी आहे की! मी कच्च्या गुरूचा चेला नाही."

"कुठे असते ती?"

"कपाटातच, आतल्या चोरकप्प्यात. कुलूप लावल्यावर कोणाच्या बापाला मिळायची नाही!"

"तुम्हालासुद्धा नाही, सर," बाई शांतपणे म्हणाल्या.

या वेळी कोणीच हसलं नाही, आणि सरांना तेच जास्त लागलं. आपणच मोठ्या तोंडाने सांगितलं, तेही भर बैठकीत!

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधीच सरांनी एक सर्व्हर स्वतः उचलून मैदान ओलांडलं. प्रयोगशाळेत तो ठेवून त्यांनी खिशातून दुसरी किल्ली काढली आणि बाईंच्या टेबलावर ठेवली.

"ही तुमच्याकडेच असू द्या," ते म्हणाले. मान मात्र खालीच होती.