उपाशी सर्जन

एका सरकारी हॉस्पिटलात एक डॉक्टर मॅडम होत्या, रिटायरमेंटला आलेल्या, बोलायला एकदम कमी. त्यांच्या हाताखाली शलाका शिकत होती. हुशार पोरगी, पण हट्टी! बाथरूमला जावं लागेल म्हणून ड्यूटीत पाणीसुद्धा प्यायची नाही. वर याचा अभिमान, बरं का!

त्या सकाळी तिचं पहिलं मोठं ऑपरेशन होतं. गर्भाशयातली गाठ शलाका काढणार, मॅडम फक्त शेजारी उभ्या राहणार. कधीपासून वाट बघत होती ती! रात्रभर इमर्जन्सी करून तशीच थेट थिएटरच्या दारात हजर.

पेशंटला ट्रॉलीवरून आणलं. मॅडमनी तिला नेहमीचं विचारलं, "शेवटचं कधी खाल्लंस? झोप लागली? लघवीला जाऊन आलीस?" आणि वळून तेच प्रश्न शलाकाला!

शलाकाला हसूच आलं. "मॅडम, मी पेशंट नाहीये."

"उत्तर दे."

"काल दुपारी... बिस्किटं. झोप नाही. लघवीला नंतर जाईन ना!"

"सिस्टर, ही अनफिट आहे. तिच्याबरोबर शिकणाऱ्या तन्मयला बोलवा. तो झोपून, नाश्ता करून आलाय."

"मॅडम, प्लीज! सगळे म्हणतील, बाईला झेपलं नाही."

"म्हणू देत. पेशंट उपाशी राहू शकते, कारण तिला सांभाळायला आपण असतो. मध्येच तुला चक्कर आली तर तिला कोण सांभाळणार? अगं, दुसऱ्यांच्या बेडसाठी, रक्ताच्या पिशवीसाठी दिवसभर भांडतेस. स्वतःच्या दोन पोळ्यांसाठी तोंड उघडायला काय होतं तुला?"

शलाका रडली. मग कँटीनमध्ये पोटभर जेवली, हॉस्टेलवर जाऊन मेल्यासारखी झोपली. संध्याकाळी उठून थेट विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये! मॅडम तिथेच चहा पीत बसल्या होत्या.

"सर, गुरुवारी मला ऑपरेशनला लावा. आणि बुधवारी रात्री इमर्जन्सी नको."

"इथे असं कोणी मागत नाही, डॉक्टर."

"मी मागतेय, सर."

सरांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. मदत अजिबात नाही! पण उत्तर मिळेपर्यंत शलाका जागची हलली नाही.

गुरुवारी दुसऱ्या पेशंटची गाठ शलाकानेच काढली. मॅडम शेजारी उभ्या होत्या. त्यांना हात लावावाच लागला नाही.