एलादेवीने सोललेली साल

"माझ्या आंब्याची साखर कोणीतरी चोरतं आहे!"

एका राज्यात थोरली राणी एलादेवी भर दरबारात असं ओरडली. तिथली रीत अशी, की राणी लग्न होऊन आली की तिच्या नावाचा आंबा लावायचा. ज्या राणीचं फळ गोड, तिने त्या वर्षी राजाशेजारी बसायचं. चार वर्षं धाकटी केतकावती बसत होती. तिचं हसू कानावर आलं, की एलादेवी ताट सारून उठे.

एका मांत्रिकाने तिला सांगितलं, "पानं साखर रांधतात आणि मुळं ती सालीतून खाली ओढतात. तीच चोर! बुंध्याभोवती चार बोटं साल सोल. साखर वरच राहील."

जो पाणी पाजतो त्यालाच चोर म्हणायचं! पण राणीने ऐकलं. फळं मधासारखी झाली. ती राजाशेजारी बसली आणि सवतीचं उतरलेलं तोंड डोळे भरून बघत राहिली.

मात्र राणीच्या नावाचं झाड म्हणजे राणीचा जीव. पुढच्या वर्षी उपाशी मुळं कुजू लागली, पानं पिवळी पडली, आणि एलादेवीचे पाय गुडघ्यापर्यंत लाकूड झाले.

फांदीवरचा तांबट पक्षी म्हणाला, "राणी, पाणी लाकडातून वर चढतं, साखर सालीतून खाली उतरते. तू उतरायची वाट तोडलीस. तीन कामं कर. सवतीच्या आंब्याच्या काड्या स्वतः मागून आण. जखमेवर त्यांचा पूल बांध, टोकं वरच्या-खालच्या सालीत खोच. त्या जगेपर्यंत मातीचा लेप ओला ठेव."

"तिच्याकडे मागू? त्यापेक्षा लाकूड होईन!"

"अर्धी झालीच आहेस."

लाकूड कमरेला पोचलं, तेव्हा ती मेण्यातून निघाली.

"इतक्या वर्षांनी बोललात ताई," केतकावती म्हणाली, "तेही मागायला!"

"तुझा हेवा वाटतो मला. आत्ताही वाटतो. काड्या दे."

केतकावतीने सुरी पुढे केली. "जून बघून कापा. कोवळ्या जगत नाहीत."

एलादेवीने जखमेवर काड्यांचा पूल बांधला आणि एकवीस दिवस स्वतःच्या हाताने लेप भिजवला. बाविसाव्या दिवशी काड्यांवर कोंबांचे डोळे फुगले. पुलावरून साखर उतरली, मुळं जेवली, लाकूड विरघळलं. एलादेवी उभी राहिली, आणि सवतीच्या झाडाला मोहर किती, ते चवड्यांवर उंच होऊन मोजू लागली.

म्हातारी माळीण झारी घेऊन आली.

"पाय आले ना, राणीसाहेब? मग जरा सरा बाजूला. मुळावर उभ्या आहात."