शंकेचा धोंडा

देवळाच्या ओवरीबाहेर हा जो काळा धोंडा दिसतो, त्यावर सहसा कुणी बसत नाही. उन्हातान्हात सावली आहे, बसायला सपाट आहे, तरी माणसं उभी राहतील पण बसणार नाहीत. दसरा झाला की पुढच्या रविवारी इथं भैरोबाच्या अंगणात जुन्या वस्तूंचा लिलाव होतो. जुनी रंगवलेली चित्रं, तांब्याच्या पत्र्यावरून छापलेली चित्रं, तलवारी, कट्यारी. मुंबई-पुण्याहून शौकीन येतात. आमच्या मोरशिंगीचा नियम असा, की मांडलेल्या वस्तूत खोट काढायला सगळ्यांना मोकळीक आहे. पण ज्यानं खोट काढली, त्यानं या धोंड्यावर येऊन बसायचं आणि ती वस्तू विकली जाईपर्यंत बोली लावायची नाही. पाहुण्यांना हे विचित्र वाटतं. मी इथला गुरव, माझ्या आजाकडून ऐकलं ते सांगतो.

इंग्रजी अमलात इथं शिरोळ्यांची लहानशी जहागीर होती. शेवटी सगुणाबाई एकट्याच उरल्या आणि घरातल्या वस्तू विकायची पाळी आली. त्यांत घराण्याचे मूळपुरुष सुभानराव यांची तलवार होती. पात्याच्या एकाच अंगावर सोन्याचा सूर्य बसवलेला, दुसरं अंग कोरं. तिला धार लावायचं, घासूनपुसून ठेवायचं काम इमाम शिकलगाराकडे होतं. त्याच्या बापानं आणि आजानंही तेच केलं होतं. ती तलवार म्यानातून काढायची मुभा घरच्या पुरुषांनंतर फक्त त्यालाच होती म्हणे.

भैरोबाच्या अंगणातल्या त्या लिलावाला मुंबईहून त्र्यंबकराव कारखानीस आले. त्यांच्या घरी चित्रांनी आणि हत्यारांनी भिंती भरल्या होत्या असं सांगतात. त्यांनी सोबत एक छापील चित्र आणलं होतं. कुणा गोऱ्या चिताऱ्यानं सुभानरावांना समोर बसवून काढलेलं. राव बैठकीवर बसलेत, पुढ्यात तलवार आडवी ठेवली आहे, पात्यावर सूर्य स्पष्ट दिसतो आहे.

तलवार मांडली आणि पुकारा सुरू झाला. बोली चढू लागली, तेव्हा कारखानीस पुढे झाले. आवाज न चढवता म्हणाले, "जरा थांबा. सगळ्यांनी पाहावं."

त्यांनी चित्र जाजमावर ठेवलं आणि शेजारी तलवार चित्रातल्यासारखीच ठेवली. मूठ डावीकडे, धार आपल्याकडे. लोक वाकून पाहू लागले. चित्रात सूर्य होता. तलवारीचं वर आलेलं अंग मात्र कोरं होतं.

"सूर्य उलट्या अंगाला आहे," कारखानीस म्हणाले. "ही नक्कल आहे. करणाऱ्यानं घाईत बाजू चुकवली."

सगळ्यांच्या नजरा इमामकडे वळल्या. सगुणाबाई बांबूच्या चिकाच्या पडद्याआड बसल्या होत्या. त्यांनी इमामला जवळ बोलावलं.

"इमाम, खरी कुठं आहे?"

"हीच ती, बाईसाहेब."

"चित्र खोटं बोलतं का मग?"

"चित्राचं मला ठाऊक नाही. तलवार हीच," एवढंच तो पुन्हा म्हणाला. बाईंनी तोंड फिरवलं. इमाम अंगणाबाहेर आला आणि या धोंड्यावर बसला. लिलाव संपेपर्यंत तो इथून हलला नाही.

नकली म्हटल्यावर तलवारीला गिऱ्हाईक राहिलं नाही. मोडीच्या भावात ती शेवटी एकानंच घेतली, कारखानिसांनी. कुणीतरी विचारलं, "खोटी घेऊन काय करणार, रावसाहेब?" ते म्हणाले, "खोटी कशी ओळखावी हे दाखवायला ठेवीन."

इमामच्या दारात लोक थुंकू लागले. आठवडा उलटायच्या आत तो बायकोसह गाव सोडून गेला.

पुढे बऱ्याच वर्षांनी कारखानिसांना दुसऱ्या एका लिलावात तांब्याचा जुना पत्रा मिळाला. सुभानरावांचं चित्र ज्यावरून छापलं तोच. त्यावर तलवारीची मूठ उजवीकडे होती. चिताऱ्यानं समोर पाहून थेट पत्र्यावर कोरलं होतं आणि कागदावर ते शिक्क्यासारखं उलटं उमटलं होतं. त्यांनी तलवार पत्र्यातल्याप्रमाणे ठेवली. सूर्य वर आला.

तलवार आणि पत्रा घेऊन ते मोरशिंगीला आले. सगुणाबाई म्हाताऱ्या झाल्या होत्या. त्यांनी दोन्ही वस्तू शेजारी ठेवून पाहिल्या.

मग विचारलं, "छापताना चित्र उलटतं, हे त्या दिवशी तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"नव्हतं, बाईसाहेब."

"तुमच्या भिंती असल्या चित्रांनी भरल्यात म्हणतात."

"शपथ घेतो. लक्षात आलं नाही."

"इमामनंही मला सांगितलं होतं, हीच ती म्हणून. जन्मभर ओळखत होते त्याला, तरी मानलं नाही. तुमचं कसं मानू?" बाई म्हणाल्या. "तलवार मला देऊ नका. आधी त्याला शोधा."

कारखानिसांनी शोध केला. इमाम बार्शीच्या बाजारात कात्र्या-विळ्यांना धार लावत होता. तलवार त्यानं दुरूनच ओळखली. हातात घेतली, मुठीजवळ गंज धरला होता तो बसल्या जागी काढला, पातं तेलाच्या फडक्यानं पुसलं आणि परत दिली.

"चला गावी. बाईंनी बोलावलंय," कारखानीस म्हणाले.

"मी येत नाही," इमाम म्हणाला. "तिथं मी एकदा खरं बोललो आहे."

त्यानं मजुरीही घेतली नाही म्हणे.

हे ऐकून सगुणाबाईंनी तलवार भैरोबाला वाहिली आणि गावासमोर नियम घातला. खोट काढणाऱ्यानं इमाम बसला होता तिथं बसावं. ज्याला वस्तू हवी आहे, त्यानं तिच्याविषयी शंका बोलू नये. पुढच्या लिलावाला पहिल्या त्याच पडदा सोडून बाहेर आल्या आणि धोंड्यावर बसल्या. लोक म्हणाले, तुम्ही कुठं खोट काढली? त्या म्हणाल्या, "इमामला सगळ्यांआधी मीच विचारलं होतं, खरी कुठं आहे." मरेपर्यंत दर लिलावाला त्या इथं बसत.

आजही दसऱ्यानंतर कारखानिसांच्या घरातलं कुणी ना कुणी येतं. भली माणसं आहेत. भैरोबाला नारळ देतात, गावाच्या पंगतीला बसतात. त्या पूर्वजाला खरंच ठाऊक नव्हतं की ठाऊक असूनच तो बोलला, हे त्यांना कुणी विचारत नाही. वाढणारा ताटात भाकरी ठेवतो आणि त्यांच्या तोंडाकडे जरा जास्त वेळ पाहतो, इतकंच.