चिंगीचं घुंगरू आणि नवा दहाकाम्या

एक होती चिंगी. उंदराची एवढुशी पोर. शेपटीला एक घुंगरू, आईने बांधलेलं. चिंगी उडी मारायची, टुणुक टुणुक. घुंगरू वाजायचं, छुम छुम. आणि बिळातून आई म्हणायची, "आहे गं बाई माझी चिंगी!"

चिंगीचं बीळ गेनूमामा सुताराच्या पडवीत. एकदा काय झालं, टुणुक टुणुक करताना दोराच तुटला. घुंगरू निघालं गडगड गडगड. फळीच्या फटीत गुडुप!

चिंगीने उडी मारली. टुणुक! पण छुम नाही. "आता आईला कसं कळणार, मी कुठे आहे?" चिंगीला रडूच आलं.

गेनूमामा जेवायला गेलेला. पडवीत नुसती हत्यारं. आणि हत्यारं तर रुसलेली!

का रुसली? सांगते. मामीने जत्रेतून आणला एक नवा कोरा दहाकाम्या. दांडा एक, कामं दहा! मामा म्हणाला, "दहा? एक तरी धड जमेल का याला?" मग आली खंडेनवमी. मामाने हत्यारांची पूजा केली. पण झेंडूची फुलं खाल्ली शेळीने. उरलं एकच. मामी म्हणाली, "नव्या पाहुण्याला द्या हो." फूल गेलं दहाकाम्याला. झालं! सगळ्यांच्या पोटात दुखायला लागलं.

चिंगी आधी दहाकाम्याकडेच गेली. "दादा, फळी उचल ना!" दहाकाम्याने जोर लावला. कुटुक! पातंच वाकलं. फळी काही हलली नाही. सगळी हत्यारं खुदुखुदू हसली.

मग चिंगी गेली पटाशीकडे. टुणुक टुणुक.

"पटाशीताई, पटाशीताई, फळी उचल ना!
फळीखाली घुंगरू माझं.
घुंगरू नाही, छुम नाही,
आईला मी सापडत नाही!"

"मी नाही जा! हातोडी मला ठोकत नाही. आणि आधी त्याच्याकडे का गेलीस? त्या नव्याला सांग. हूं!"

चिंगी गेली हातोडीकडे. टुणुक टुणुक.

"हातोडीमावशी, हातोडीमावशी, पटाशीला ठोक ना!
पटाशी फळी उचलत नाही.
फळीखाली घुंगरू माझं.
घुंगरू नाही, छुम नाही,
आईला मी सापडत नाही!"

"मी नाही जा! माझं डोकं हलतंय डुगुडुगु. दांड्यात लाकडाची पाचर नको? करवत पाचर कापत नाही. त्या नव्याला सांग. हूं!"

चिंगी गेली करवतीकडे. टुणुक टुणुक.

"करवतकाकू, करवतकाकू, पाचर काप ना!
हातोडी पटाशीला ठोकत नाही.
पटाशी फळी उचलत नाही.
फळीखाली घुंगरू माझं.
घुंगरू नाही, छुम नाही,
आईला मी सापडत नाही!"

"मी नाही जा! माझे दात झालेत बोथट. कानस दात घासत नाही. त्या नव्याला सांग. हूं!"

चिंगी गेली कानशीकडे. टुणुक टुणुक.

"कानसआजी, कानसआजी, करवतीचे दात घास ना!
करवत पाचर कापत नाही.
हातोडी पटाशीला ठोकत नाही.
पटाशी फळी उचलत नाही.
फळीखाली घुंगरू माझं.
घुंगरू नाही, छुम नाही,
आईला मी सापडत नाही!"

"मी नाही जा! इथे सगळ्यांत म्हातारी मी. दर वर्षी पहिलं फूल माझं. यंदा त्या चकचकीताला? फूल आण, मग घासते. हूं!"

चिंगी परत गेली दहाकाम्याकडे. दमली होती. टुणुक... टुणुक...

"दहाकाम्यादादा, दहाकाम्यादादा, फूल दे ना!
कानस दात घासत नाही.
करवत पाचर कापत नाही.
हातोडी पटाशीला ठोकत नाही.
पटाशी फळी उचलत नाही.
फळीखाली घुंगरू माझं.
घुंगरू नाही, छुम नाही,
आईला मी सापडत नाही!"

"मी नाही जा!" दहाकाम्या मुसमुसला. "त्यांच्या मुठी बघ. मामाच्या हाताने कशा गुळगुळीत झाल्यात! मला कोणी हातातच घेत नाही. मलाच त्यांचा हेवा वाटतो. फूलच तेवढं आहे माझ्याकडे."

चिंगीने काय केलं? आपले दोन इवले हात त्याच्या दांड्यावर ठेवले. "हे बघ, मी घेतलं तुला हातात!"

दहाकाम्या हसला. "घे जा फूल!"

फूल मिळालं कानसआजीला. तिने दात घासले, घस् घस्.
करवतीने पाचर कापली, खर्र खर्र.
पाचर बसली, हातोडीचं डोकं झालं घट्ट.
हातोडीने पटाशीला ठोकलं, ठक ठक.
पटाशीने फळी उचलली, कर्रर्र!

पण अगं बाई! घुंगरू पार खोल. पटाशीचं नाक रुंद. जाईचना!

"माझा आकडा बारीक आहे," दहाकाम्या हळूच म्हणाला.

"जमेल का याला? हूं!" सगळी म्हणाली.

आकडा गेला आत. आत, आत, आत... आणि घुंगरू बाहेर! छुम!

कुणीच हूं म्हणालं नाही.

तेवढ्यात पायरीवर आवाज. आला गेनूमामा! चिंगी रंध्याच्या मागे लपली. मामाने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. दहाकाम्या उचलला. उलटा केला. आणि त्याने आपली पाठ खाजवली. खस् खस् खस्.

"आहाहा! एक काम तरी जमलं बुवा याला!"

दहाकाम्या मामाच्या हातात! खुशीत नुसता चमचम चमचम.

"पाठ?" हातोडी पुटपुटली. "आम्हाला कधी नाही दिली पाठ!"

"हूं!" म्हणाली पटाशी. "हूं!" म्हणाली करवत. कानसआजीने मात्र फुलाचा वास घेतला आणि डोळे मिटले.

आणि चिंगी? चिंगीने घुंगरू शेपटीला बांधलं. घट्ट गाठ. टुणुक टुणुक, छुम छुम, निघाली बिळाकडे.

आतून आई म्हणाली, "आलीस गं बाई माझी चिंगी?"

छुम!