येसाईचा विस्तव

फार मागची गोष्ट, काडेपेटी घाट चढून आली नव्हती तेव्हाची. करंजघळात कुणाची चूल विझली की बाई शेजारी खापरी घेऊन विस्तव मागायला जायची. म्हातारी येसाई मात्र वाट बघणारी नव्हती. उजाडलं की छपरं न्याहाळायची आणि ज्या घरावर धूर नाही तिथं निखारा घेऊन स्वतःच हजर. तिच्या पायांना भिंगरी होती, असं म्हणतात.

लोक तिच्या लेकाला, धोंडीला, टोचायचे, "म्हातारीला दारोदार फिरवतोस व्हय?" त्याला लाज वाटली. त्यानं तिला बाजेवर बसवलं.

"आये, लई केलंस. आता हलायचं नाही."

माया होती हो त्याची. पण म्हातारं माणूस म्हणजे राखेतला निखारा. झाकावा, तसा फुंकावाही लागतो. येसाईचे गुडघे धरले, घास गोड लागेना, नजर सारखी छपरांवर. श्रावणापर्यंत यमाचा दूत येऊन उंबऱ्यावर टेकला, असं म्हणतात. तिला तो दिसत होता.

त्यात झड लागली, गावच्या चुली विझल्या. शेजारची गजरा खापरी घेऊन आली. तिची सून कालच बाळंत झालेली, पोर गारठून निळं पडलेलं.

"आमचीबी विझली गं," येसाईची सून कोंडी म्हणाली.

"विझंल कशी? तळची राख उकर," बाजेवरनं येसाई बोलली.

"आत्याबाई, तुम्ही पडा."

"पडूनच मरायला लागले, दिसत नाही?"

भिंत धरून ती उठली. राख उकरली, फुंकत राहिली. तळाशी लाल डोळा उघडला.

दूत म्हणाला, "म्हातारे, चल."

"चलते की. आधी त्या घरावर धूर दिसू दे. आणि रिकाम्या हातानं काय येतोस? ही खापरी धर."

गजराच्या घरावर धूर निघाला, पोर रडलं. तोवर येसाईला पुढचं छपर दिसलं, मग त्याच्या पुढचं. तिच्यामागं भिजत धावून दूतच दमला आणि खापरी एका पडवीत ठेवून निघून गेला, असं म्हणतात.

त्यानंतर धोंडीचे केस पांढरे होईपर्यंत ती हिंडली. मग एका सकाळी वरच्या वाडीवर धूर निघाला, येसाई परतली नाही.

आजही होळीच्या दुसऱ्या दिवशी करंजघळातली सगळ्यांत म्हातारी बाई घरोघर विस्तव देते. चालवत नसेल तर तिला उचलून नेतात, पण खापरी तिच्याच हातात. आणि तिथं लेक आईला बस म्हणत नाही. म्हणतो, "आये, बघ गं, कुणाच्या घरावर धूर नाही?"